वाचकांचे प्रश्न : पिस्त्याच्या बागा आणि सॅन वाकीनचे खोरे

गेल्या अंकात सुक्या मेव्याविषयी लिहिताना कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्याचा ओझरता उल्लेख झाला होता. जगात सर्वाधिक पिस्ता अमेरिकेत पिकतो आणि तो जवळजवळ सगळा या एका खोऱ्यातून येतो, एवढेच त्या लेखात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. एका सप्टेंबरात, ऐन काढणीच्या हंगामात, मी या खोऱ्यात काही दिवस राहून बागा पाहिल्या होत्या. तेव्हाच्या टिपणांचा उत्तरे लिहिताना उपयोग झाला. शेवटचे पत्र जत तालुक्यातील एका शेतकरी बंधूंचे आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी फ्रेस्नो शहरात राहते. तिच्या घरापासून थोड्या अंतरावर करमन नावाचे गाव असून त्याच्या आसपास पिस्त्याच्या बागा आहेत. इराणमधल्या किरमान प्रांतातून आलेल्या लोकांनी हे गाव वसवले आणि त्यांनीच सोबत पिस्ता आणला, असे तिला एका शेजाऱ्याने सांगितले. हे खरे आहे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गावाचे नाव आणि इराणी प्रांताचे नाव यांचे इंग्रजी स्पेलिंग एकच आहे, त्यामुळे हा समज सहज पसरतो, पण तो खरा नाही. फ्रेस्नो काउंटीतील (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) करमन हे नाव कर्कहॉफ आणि मन्सार या दोन आडनावांची पहिली तीन-तीन अक्षरे जोडून तयार झाले आहे. त्या नावाचा इराणशी काही संबंध नाही. मात्र आपल्या कन्येला त्या बागांमध्ये जी मादी झाडे दिसतात, त्यांतील पुष्कळशा झाडांच्या जातीचे नावही ‘करमन’च आहे, आणि ते नाव खरोखरच इराणच्या किरमान प्रांतावरून पडले आहे. एकाच उच्चाराची दोन नावे वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच खोऱ्यात शेजारी नांदत आहेत.

जातीची हकीकत अशी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९२९ साली विल्यम व्हाइटहाउस या वनस्पतिशास्त्रज्ञाला पिस्त्याचे बियाणे गोळा करण्यासाठी इराणला पाठवले. अनेक महिने तिथल्या बागा आणि बाजार धुंडाळून तो सुमारे वीस पौंड, म्हणजे नऊ किलोच्या आसपास, निवडक बी घेऊन परतला. उत्तर कॅलिफोर्नियातील चिको येथील सरकारी केंद्रात त्या बियांपासून तीनेक हजार रोपे वाढवण्यात आली. पिस्ता फळावर यायलाच सहा-सात वर्षे लागतात आणि त्यापुढे फळाची पारख करायला आणखी काही वर्षे जातात. त्या हजारो झाडांतून वीसेक झाडे कामाची ठरली आणि त्यांतले एक सर्वांहून सरस निघाले. त्याचे बी किरमान प्रांतातील रफसंजान येथून आणलेले होते, म्हणून त्याला ‘करमन’ असे नाव दिले गेले. १९५७ साली ही जात शेतकऱ्यांना लागवडीसाठी देण्यात आली. इराणातून बी निघाल्यापासून शेतकऱ्याच्या हाती कलम पडेपर्यंत पाव शतकाहून अधिक काळ गेला, आणि त्या काळात या झाडांपासून कोणालाही एक पैसा मिळत नव्हता. फळझाडांवरच्या संशोधनाला किती चिकाटी लागते, हे मला या एका उदाहरणातून जेवढे कळले तेवढे पुस्तकांतून कळले नव्हते.

पुढची घडामोड मात्र झपाट्याने झाली. कॅलिफोर्नियातील पहिले व्यापारी पीक १९७६ साली निघाले, तेव्हा ते १५ लाख पौंड होते. २०२३ साली तेच सुमारे १५० कोटी पौंडांवर गेले, म्हणजे जवळपास हजार पट झाले. या वाढीमागे राजकारणाचाही मोठा वाटा आहे. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, तेहरानमधील अमेरिकी दूतावासातील लोकांना ओलीस धरण्यात आले आणि अमेरिकेने इराणशी असलेला व्यापार तोडला. ही बंदी उठल्यानंतर इराणी पिस्ता पुन्हा येऊ लागला, तेव्हा १९८६ साली कवचासह येणाऱ्या कच्च्या इराणी पिस्त्यावर २४१ टक्क्यांहून अधिक शुल्क बसवण्यात आले. ज्या मातीतून बी आले होते, तिथल्याच पिस्त्याला दार बंद झाले आणि कॅलिफोर्नियाच्या नव्या बागांना घरची मोठी बाजारपेठ मोकळी मिळाली.

खोऱ्याविषयीही थोडे सांगतो. पूर्वेला सिएरा नेवाडाचा हिमाच्छादित डोंगर, पश्चिमेला किनाऱ्याची डोंगररांग आणि मधे सुमारे चारशे किलोमीटर लांबीची, तळहातासारखी सपाट जमीन, असे याचे रूप आहे. कर्न, टुलारी, किंग्ज, फ्रेस्नो आणि मदेरा या पाच काउंट्यांमध्ये पिस्त्याची बहुतेक लागवड आहे. उन्हाळा कडक आणि कोरडा, हिवाळा थंड आणि धुक्याचा, ही पिस्त्याला हवी असलेली जोडी इथे जुळते.

प्रश्न : पिस्त्याचे कवच यंत्राने उकलतात, की ते मुळातच तसे असते? शिवाय सत्तरच्या दशकात माझे दीर अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांनी आणलेला पिस्ता लालभडक होता आणि तो खाताना बोटे रंगायची. तसा पिस्ता आता का दिसत नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कवच झाडावरच उकलते. पिस्त्याच्या फळाची वाढ आपल्या नेहमीच्या कल्पनेच्या उलट क्रमाने होते. एप्रिलमध्ये फलधारणा झाली की आधी बाहेरची साल आणि कवच पूर्ण आकाराचे होतात. मे संपेपर्यंत घोस भरलेला दिसतो, पण फळ फोडून पाहिले तर आत दाणा जवळजवळ नसतोच. जूनमध्ये कवच टणक होते आणि मग जुलै-ऑगस्टच्या उन्हात दाणा भरू लागतो. भरता भरता तो कवचाला आतून रेटतो आणि कवच शिवणीवर उकलते. इराणमध्ये अशा पिस्त्याला ‘खंदान’, म्हणजे हसरा, म्हणतात. दाणा पुरेसा भरला नाही तर कवच बंदच राहते; आणि फलधारणा नीट झाली नसेल तर कवच पूर्ण वाढलेले, पण आत काहीच नाही, असा पोचट पिस्ता निघतो.

हे सगळे चालू असताना बाहेरची मऊ साल शाबूत असते, त्यामुळे उकललेला दाणाही झाकलेला राहतो. मी पाहिलेल्या बागेत घोस द्राक्षांसारखे लोंबत होते आणि सालीचा रंग हिरव्यावरून गुलाबी-पिवळसर झाला होता. एक फळ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून दाबले, तर भिजवलेल्या बदामाची साल सुटावी तशी ती साल सुटली आणि आतून हस्तिदंती रंगाचे, टोकाशी उकललेले कवच हातात आले. फळ काढणीला आले की नाही, हे शेतकरीही असेच तपासतात.

आपल्या दिरांच्या लाल पिस्त्याचे उत्तर या सालीतच आहे. फळ काढल्यावर साधारण एका दिवसाच्या आत साल निघाली नाही, तर तिचा रस कवचात मुरतो आणि डाग पडतात. पूर्वी आयात होणारा पिस्ता हाताने काढला जाई, सोलायला वेळ लागे आणि कवच डागाळलेले निघे. ते डाग झाकण्यासाठी त्याला लाल रंग देत असत. कॅलिफोर्नियात काढणी यंत्राने होते. झाडाच्या दोन्ही बाजूंना दोन गाड्या येऊन उभ्या राहतात, त्यांच्या उतरत्या फळ्या बुंध्याभोवती जुळतात, एक पकड खोडाला धरून काही सेकंद जोरात हलवते आणि सारे घोस सरसर त्या फळ्यांवर कोसळतात. फळ जमिनीला लागतच नाही. तिथून ट्रक थेट कारखान्यात जातो आणि काही तासांत साल निघते. कवच स्वच्छ राहू लागल्यावर रंगाची गरजच उरली नाही.

कारखान्यात पाण्याच्या हौदात पोचट पिस्ता तरंगतो आणि भरलेला बुडतो, त्यामुळे तिथेच त्यांची निवड होते. उकललेला आणि बंद पिस्ता वेगळा करण्याची युक्ती मला फार आवडली. फिरत्या पिंपाला आतून बारीक सुया लावलेल्या असतात. उकललेल्या पिस्त्याच्या फटीत सुई अडकते आणि तो पिंपासोबत वर उचलला जातो, तर बंद पिस्ता खालीच घरंगळतो. हे बंद पिस्ते मग यंत्राने फोडून त्यांचे दाणे वेगळे विकले जातात. थोडक्यात, यंत्राने फोडलेला पिस्ता असतो, पण तो आपल्यापर्यंत बहुधा सोललेल्या दाण्यांच्या रूपात येतो.

प्रश्न : पिस्ता आणि काजू एकाच कुळातले आहेत, असे शाळेत शिकवताना मी नेहमी सांगते. विद्यार्थ्यांनी विचारले की दोघांत साम्य काय? मला नीट सांगता आले नाही. (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : आपण सांगता ते बरोबर आहे, आणि रत्नागिरीच्या मुलांना हे कुळ समजावणे सर्वांत सोपे आहे, कारण ते त्यांच्या परसातच उभे आहे. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी आणि पिस्ता ही सर्व एकाच कुळातली झाडे आहेत. या कुळातील बऱ्याच झाडांच्या चिकात किंवा तेलात कातडीला बाधणारे द्रव्य असते. आंब्याचा चीक ओठाला लागला की फोड येतो, काजूच्या टरफलातले तेल हात भाजून काढते आणि बिब्बा तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. ज्यांना काजूची ॲलर्जी असते त्यांना पुष्कळदा पिस्ताही बाधतो, तो या नात्यामुळेच. हे पालकांनाही जरूर सांगावे. फळाची रचनाही सारखीच आहे. आंब्याची कोय डोळ्यांसमोर आणावी: बाहेर साल, मग गर, मग टणक कोय आणि आत बी. पिस्त्यात गराचा थर अगदी पातळ राहिला आहे, कोय म्हणजे आपण फेकतो ते कवच आणि आतले बी म्हणजे आपण खातो तो दाणा.

एक मोठा फरकही आहे. आंब्याच्या किंवा काजूच्या एकाच मोहोरात नर फुले आणि संयुक्त, म्हणजे नर व मादी दोन्ही भाग असलेली, फुले असतात. पिस्त्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. फुलांना पाकळ्या नसतात, मधमाशीला बोलावणारा गंध नसतो. पराग वाऱ्यावरच जातो. म्हणून बागेत साधारण चोवीस-पंचवीस मादी झाडांमागे एक नर झाड लावतात आणि त्याची जागा वारा पाहून ठरवतात. ‘करमन’साठी ठेवलेल्या नराच्या जातीचे नाव ‘पीटर्स’ आहे.

या कुळातला आणखी एक नातेवाईक सांगण्याचा मोह आवरत नाही. बाळाच्या खोकल्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काकडशिंगी उगाळून देतात. बालचातुर्भद्र चूर्णातल्या चार औषधांत ती एक आहे. काकडशिंगी म्हणजे फळही नव्हे आणि शेंगही नव्हे. हिमालयाच्या उतारावर वाढणाऱ्या एका रानटी पिस्त्याच्या पानांवर मावा कीड बसते आणि तिच्यामुळे शिंगासारखी पोकळ गाठ तयार होते, ती ही काकडशिंगी. कॅलिफोर्नियात पिस्त्याच्या सुरुवातीच्या बागा मुळांना लागणाऱ्या एका बुरशीने मरू लागल्या, तेव्हा या बुरशीला दाद न देणारा खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे झाड, म्हणून हेच हिमालयी झाड उपयोगी पडले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाने या झाडाचा आणि भूमध्यसागरी प्रदेशातील दुसऱ्या एका रानटी पिस्त्याचा संकर करून ‘यूसीबी-१’ हा खुंट तयार केला, आणि आज नव्या बागांतील फार मोठी लागवड त्याच्यावर होते. म्हणजे वर इराणी जातीचा डोळा (कळी) बांधून कलम केलेले असते आणि खाली, मातीत, काकडशिंगीच्या झाडाचा वंश असतो. आपल्या विद्यार्थ्यांना आजीच्या बाळगुटीतली काकडशिंगी दाखवून हे सांगावे, ते विसरणार नाहीत.

प्रश्न : श्रीखंडावर घालायला आणलेले पिस्त्याचे काप गर्द हिरवे होते, पण घरी फोडलेल्या पिस्त्याचा दाणा फिकट निघतो. यातला खरा कोणता? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. दाण्याचा हिरवेपणा पानाच्या हिरवेपणासारखाच हरितद्रव्याचा असतो. फळ थोडे आधी काढले तर तो गडद राहतो आणि पूर्ण पिकू दिले तर पिवळसर होतो. कॅलिफोर्नियाचा ‘करमन’ उकललेला मिळावा म्हणून पूर्ण पिकवतात, त्यामुळे त्याचा दाणा फिकट असतो आणि भाजल्यावर आणखी फिकट होतो. इराणहून येणारे काही सोललेले दाणे किंवा सिसिलीतील ब्रॉन्टे गावचा पिस्ता मुळातच गडद असतो. मात्र शेंगदाण्याच्या कापांना हिरवा रंग देऊन ते पिस्ता म्हणून विकण्याचा प्रकारही चालतो, म्हणून चार काप कोमट पाण्यात टाकून पाहावे. पाणी लगेच हिरवे झाले आणि काप पांढरट पडले, तर तो रंग बाहेरून दिलेला आहे. शक्य असेल तर कवचासह बिनमिठाचा पिस्ता आणून घरीच काप करावेत. खारवलेला पिस्ता बासुंदीत किंवा मसाला दुधात घालू नये, त्याची चव बिघडते.

प्रश्न : आमच्याकडे बोअर सातशे फुटांवर गेले आहेत. कॅलिफोर्नियातही भूजल उपसून जमीन खचली असे वाचले. एवढ्या सुपीक आणि श्रीमंत खोऱ्यात असे का व्हावे? (एक वाचक, जालना)

उत्तर : ‘सुपीक’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. सॅन वाकीनची माती खरोखर सुपीक आहे, पण आकाश तितके उदार नाही. बेकर्सफील्डला वर्षाला सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि फ्रेस्नोला २८० मिलिमीटरच्या आसपास. वाढलेल्या पिस्त्याच्या बागेला मात्र वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाणी लागते. आपल्या जालन्यातला सरासरी पाऊसही बेकर्सफील्डच्या कितीतरी पट आहे. त्या खोऱ्याची शेती पावसावर कधीच नव्हती. ती सिएरा नेवाडावर साठलेल्या बर्फावर, त्याचे पाणी आणणाऱ्या कालव्यांवर आणि जमिनीखालच्या साठ्यावर उभी आहे. बर्फ कमी पडले की कालवे आटतात, आणि कालवे आटले की पंप सुरू होतात.

या उपशाचा परिणाम एका छायाचित्रात साऱ्या जगाने पाहिला आहे. मेंडोटा गावाच्या नैर्ऋत्येला जोसेफ पोलंड हे भूजलतज्ज्ञ एका विजेच्या खांबापाशी उभे आहेत आणि त्या खांबावर वर्षांच्या पाट्या लावलेल्या आहेत. १९२५ साली जमीन जिथे होती ती पाटी त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर, खांबाच्या जवळजवळ टोकाला आहे. १९७७ सालची पाटी त्यांच्या पायाशी आहे. बावन्न वर्षांत जमीन सुमारे नऊ मीटर खाली गेली होती. भूगर्भातील चिकणमातीच्या थरांतले पाणी ओढून घेतले की ते थर दाबले जातात, आणि एकदा दाबले गेले की पाणी परत सोडले तरी ते पूर्वीसारखे फुगत नाहीत. साठवणीची जागाच कायमची जाते. आपल्या मराठवाड्यात खाली काळा पाषाण आहे, त्यामुळे जमीन अशी खचत नाही. पण त्या पाषाणाच्या भेगांमध्ये पाणी मुळातच थोडे मावते, म्हणून आपला साठा लवकर संपतो. दोन्हीकडचे दुखणे एकाच वर्तनातून आले आहे, हे मला अगदी कळकळीने सांगावेसे वाटते.

फ्रायंट-कर्न कालव्याचे उदाहरण तर मन विषण्ण करणारे आहे. सुमारे २४५ किलोमीटर लांबीचा हा कालवा १९५१ साली पूर्ण झाला, तो शेतकऱ्यांनी भूजल कमी उपसावे म्हणूनच. पण त्याच्या काठच्या भागात उपसा चालूच राहिला, जमीन बसली, तिच्यासोबत कालवाही बसला आणि एका टप्प्यात त्याची वहनक्षमता निम्म्याहूनही कमी झाली. मग अतिशय खर्चिक दुरुस्ती करून शेजारून नवा कालवा खोदावा लागला.

यात पिस्त्याचा दोष किती? झाड म्हणून पिस्ता काटक आहे. त्याची मुळे खोल जातात, एखाद्या वर्षी पाणी तोडले तरी तो मरत नाही, आणि कापसाला चालते तेवढी क्षारता त्यालाही चालते. म्हणून तर खोऱ्याच्या पश्चिमेकडील खारवट जमिनींवर कापसाची जागा पिस्त्याने घेतली. पण कापूस एखाद्या दुष्काळी वर्षी पेरला नाही तरी चालते; शंभर वर्षे जगणाऱ्या झाडाकडून पीक हवे असेल तर त्याला दरवर्षी पाणी द्यावेच लागते. बागा वाढल्या तशी पाण्याची मागणी लवचीक राहिली नाही, ती पक्की झाली. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. २०१४ साली कॅलिफोर्नियाने भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला आणि सर्वाधिक उपसा झालेल्या खोऱ्यांना २०४० सालापर्यंत उपसा व पुनर्भरण यांचा मेळ घालायला सांगितले. त्यामुळे किमान पाच लाख एकर जमीन पडीक ठेवावी लागेल, असा अंदाज तेथील अभ्यासकांनी मांडला आहे. हे काम आपण चाळीस वर्षे आधी करायला हवे होते, असे एक वयस्क बागायतदार मला म्हणाले आणि बराच वेळ बांधावर गप्प उभे राहिले.

प्रश्न : मी जत तालुक्यातला शेतकरी आहे. तीन एकर माळ मोकळा आहे. एका रोपवाटिकेचा माणूस पिस्त्याची रोपे घ्या म्हणून मागे लागला आहे. हे झाड दुष्काळात तग धरते, खारवट जमिनीत येते आणि पाचव्या वर्षापासून भरघोस उत्पन्न देते, असे तो सांगतो. इसार मागतो आहे. काय करावे? (एक शेतकरी, जत)

उत्तर : दादा, इसार देऊ नका. आपल्याला सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हे बोलणे अधिक धोक्याचे आहे. झाड दुष्काळात तग धरते आणि खारवट जमिनीत येते. पण जतमध्ये ते फळ देणार नाही.

कारण थंडीचे आहे. हिवाळ्यात पिस्ता पाने गाळून झोपी जातो. त्याची झोप पुरी व्हायला ‘करमन’ जातीला तापमान सात अंशांच्या खाली असलेले साधारण नऊशे ते हजार तास लागतात. सॅन वाकीन खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत दिवसेंदिवस दाट धुके साचते, ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि दुपारीही हवा गार राहते, म्हणून हे तास भरतात. आपल्याकडे निफाडला थंडीची लाट आली की पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी येते. पण ती पहाटेची चार-सहा तासांची गोष्ट असते आणि दुपारी पुन्हा अंगातला स्वेटर काढावा लागतो. अशा पंधरा रात्री मिळाल्या असे सढळ हाताने धरले, तरी हिशेब शंभर तासांच्या आतच राहतो. जतमध्ये तर तेवढेही भरणार नाहीत. झोप पुरी झाली नाही की झाड उशिरा आणि वेडेवाकडे फुटते, नर आणि मादी झाडांचा बहर एका वेळी येत नाही आणि जी फळे धरतात ती पोचट निघतात. हे खुद्द कॅलिफोर्नियात घडले आहे. २०१४ साली तेथे ५० कोटी पौंडांहून अधिक पीक आले होते. त्यापुढचा हिवाळा उबदार गेला, धुके कमी पडले आणि २०१५ साली ते २७ कोटी पौंडांच्या आसपास उतरले. एक वर्षाआड पीक कमी येणे हा पिस्त्याचा स्वभावच आहे, पण त्या वर्षी काही बागांमध्ये बहुतेक घोस आतून रिकामे होते. तेव्हापासून तेथील काही शेतकरी हिवाळ्यात झाडांवर पांढऱ्या मातीचे द्रावण फवारून उन्हापासून कळ्या गार ठेवण्याचा प्रयत्न करतात, आणि ‘गोल्डन हिल्स’सारख्या, थोड्या कमी थंडीत भागणाऱ्या नव्या जाती लावतात. त्या जातींनाही आपल्याकडची थंडी पुरणारी नाही.

दुसरी अडचण पावसाची आहे. पिस्त्याचा दाणा जुलै-ऑगस्टमध्ये भरतो आणि त्या काळात त्याला कोरडी, तापलेली हवा लागते. आपल्याकडे तेच दिवस ढगाळ आणि दमट असतात. उकललेल्या कवचात ओल शिरली की बुरशी येते, आणि त्यातील एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, ज्याच्या भीतीने कॅलिफोर्नियाचे कारखाने प्रत्येक लॉट तपासून घेतात.

तिसरी गोष्ट रोपांची. बियांपासून केलेली रोपे असतील तर त्यांतली साधारण निम्मी नर निघणार, आणि कोणते नर व कोणते मादी, हे झाड फुलावर येईपर्यंत कोणालाही सांगता येत नाही. तोपर्यंत आपली सहा-सात वर्षे गेलेली असतील. पाचव्या वर्षी भरघोस उत्पन्न तर कॅलिफोर्नियातही मिळत नाही. तेथे झाड पूर्ण भरात यायला दहा-बारा वर्षे जातात.

त्या माणसाला एवढेच विचारा की, महाराष्ट्रात त्याच्या रोपवाटिकेतून गेलेले, दहा वर्षांचे, घोस धरलेले पिस्त्याचे एक तरी झाड तो आपल्याला प्रत्यक्ष दाखवेल काय? छायाचित्र चालणार नाही, झाडच पाहायचे. आणि इसार आधीच दिला असेल, तर पावती व त्याने दिलेले छापील पत्रक जपून ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, म्हणजे शेजारच्या गावातले शेतकरी तरी सावध होतील.

माळ मोकळा आहे म्हणून आपला जीव कासावीस होत असेल, हे मी समजू शकतो. पण त्या तीन एकरांवर आपल्या हवेला मानवणारे झाड लावा. पाण्याची किमान सोय असेल तर सीताफळ किंवा बोर घ्या, कारण ही दोन्ही झाडे उन्हाळ्यात पाण्याचा ताण सोसतात आणि पाऊस पडला की बहरतात. जमीन खारवट असेल तर आधी मातीची तपासणी करून घ्या आणि क्षार किती आहेत हे कळल्यावरच निवड करा. बोराला थोडे क्षार चालतात, सीताफळाला तितके चालत नाहीत. सीताफळाची कलमे घेताना बुंध्याशी कलमाचा सांधा स्पष्ट दिसतो की नाही, ते स्वतः वाकून पाहा, आणि पहिल्या वर्षी तीनही एकर न लावता अर्ध्या एकरावर लावून बघा.